घरगुती आर्केड कॅबिनेटसाठी फ्लाइट-स्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे उभ्याने खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राचे खोके, बांधणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक शंका आहेत आणि पुढे अडचणीची प्रकरणे. एका उत्तरातील मजकूर दुसरीकडे परत लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लाइट-स्टिक म्हणजे नेमके काय? साध्या आर्केड जॉयस्टिकपेक्षा ती वेगळी कशी?

साध्या आर्केड जॉयस्टिकला वर एक गोळा असतो, दांडा जेमतेम बोटभर उंच असतो आणि गोळीबाराची बटणे पॅनेलवर वेगळी असतात. फ्लाइट-स्टिकमध्ये विमानाच्या दांड्यासारखी संपूर्ण हाताने धरायची मूठ असते, तर्जनीखाली ट्रिगर असतो आणि बहुधा अंगठ्याखाली आणखी एखादे बटण असते. मात्र मुठीचा आकार पाहून आत कोणती यंत्रणा आहे हे कळत नाही. दिसायला सारख्या दोन स्टिकपैकी एकीत चार मायक्रोस्विच (दाबले की चालू होणारे छोटे स्विच) असू शकतात, तर दुसरीत दोन पोटेन्शिओमीटर (फिरवले की रोध बदलणारे भाग), आणि निवडीचा खरा प्रश्न तिथेच आहे (प्रश्न ३ पाहावा).

२. मला अशी स्टिक खरोखर लागेल का?

आधी आपण खेळणार असलेल्या खेळांची यादी कागदावर लिहावी. तीत सेगाचे स्पेस हॅरियर (१९८५), आफ्टर बर्नर आणि थंडर ब्लेड (दोन्ही १९८७) किंवा जी-लॉक (१९९०) यांपैकी काही असेल, तर अ‍ॅनालॉग फ्लाइट-स्टिकशिवाय त्या खेळांची मजा निम्मीही येत नाही. यादीत १९४२सारखे वरून दिसणाऱ्या विमानांचे खेळच असतील, तर नावात विमान असले तरी ते साध्या आठ-दिशी जॉयस्टिकवरच चांगले खेळले जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की यादीत अ‍ॅनालॉग खेळ तीनपेक्षा कमी असतील, तर पॅनेलवर कायमची जागा अडवण्याइतका या स्टिकचा उपयोग नाही. अशा वेळी ती काढता-घालता येणाऱ्या वेगळ्या फळीवर बसवावी.

३. डिजिटल आणि अ‍ॅनालॉग यांत फरक काय, आणि मी कोणती घ्यावी?

डिजिटल स्टिक ‘डावीकडे आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. किती डावीकडे, हे तिला ठाऊक नसते. अ‍ॅनालॉग स्टिक दांडा किती कलला आहे याचे प्रमाण सांगते. स्पेस हॅरियरमध्ये दांड्याची जागा हीच पडद्यावरील वीराची जागा असते, म्हणजे दांडा मध्यावर आला की वीरही मध्यावर परततो, आणि म्हणूनच तिथे डिजिटल स्टिक लावली की वीर सतत कडांवर आपटत राहतो.

याउलट बॅली मिडवेच्या ट्रॉनमधील (१९८२) अर्धपारदर्शक निळी, ट्रिगर असलेली मूठ पाहून अनेकांना ती अ‍ॅनालॉग वाटते. प्रत्यक्षात ती आठ-दिशी डिजिटल स्टिक आहे आणि नेम धरण्याचे सूक्ष्म काम शेजारच्या गोल फिरणाऱ्या स्पिनरकडे दिलेले आहे. अटारीच्या बॅटलझोनमध्ये (१९८०) तर रणगाड्याच्या दोन पट्ट्यांसाठी दोन दांडे असून प्रत्येक दांडा फक्त पुढे-मागे हलतो. तेव्हा मूळ यंत्रात कोणती स्टिक होती हे प्रत्येक खेळासाठी वेगवेगळे तपासावे. एकच घ्यायची असेल तर अ‍ॅनालॉग घ्यावी, कारण तिच्याकडून डिजिटलचे काम थोड्या गैरसोयीने का होईना करून घेता येते (प्रश्न १४), पण डिजिटलकडून अ‍ॅनालॉगचे काम होत नाही.

४. स्टार वॉर्ससाठी हीच स्टिक चालेल का?

खेळता येईल, पण हाताला ती गोष्ट वेगळी वाटेल. अटारीच्या १९८३ सालच्या स्टार वॉर्समध्ये स्टिक नव्हतीच. तिथे दोन मुठींचे योक होते, जे डावी-उजवीकडे सुकाणूसारखे फिरते आणि मुठी पुढे-मागे कलवल्या की निशाण वर-खाली जाते. त्या योकचे मूळ अटारीने अमेरिकी सैन्यासाठी बॅटलझोनवरून तयार केलेल्या ब्रॅडली ट्रेनरमध्ये आहे, आणि तेथून ते स्टार वॉर्समध्ये आले. विद्युतदृष्ट्या पाहिले तर दोन्हींत दोन अ‍ॅनालॉग अक्षच (डावे-उजवे आणि वर-खाली) असल्यामुळे सॉफ्टवेअरला फरक पडत नाही. योक घरी बनवण्याचा मोह आवरावा असे मी सुचवीन. दोन अक्षांची ती यांत्रिक जुळणी नीट बसवायला स्टिकच्या कितीतरी पट वेळ लागतो.

५. पोटेन्शिओमीटर असलेली घ्यावी की हॉल सेन्सर असलेली?

पोटेन्शिओमीटर, म्हणजे बाजारातल्या भाषेत ‘पॉट’, यात कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरते. मध्याजवळचा भाग सर्वाधिक वापरला जात असल्यामुळे तोच आधी झिजतो आणि नेमके सरळ उडताना विमान थरथरू लागते. हॉल सेन्सर चुंबकाचे क्षेत्र मोजतो. तिथे काहीच घासत नसल्यामुळे सेन्सर झिजत नाही, झिजलेच तर स्प्रिंग आणि बेअरिंग झिजते.

तरीही मी पॉटला सरसकट नकार देणार नाही. पॉट कोणत्याही गावात मिळते, दहा मिनिटांत बदलता येते आणि मल्टिमीटरने तपासता येते. फक्त बदली पॉट घेताना एक काळजी घ्यावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत नुसते ‘दहा के’ (१० किलोओहमचे) मागितले, तर आवाज कमी-जास्त करण्यासाठीचे पॉट हातात पडू शकते, आणि त्यातील रोध सरळ रेषेत बदलत नाही. पाठीवर ‘बी १० के’ असे छापलेले, म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारे पॉट पाहून घ्यावे. सामान्यतः ‘ए’ हे अक्षर आवाजाच्या पॉटवर असते.

६. संगणकासाठी मिळणारी टेबलावरची यूएसबी स्टिक उघडून कॅबिनेटमध्ये बसवता येईल का?

येईल, आणि पहिल्या कॅबिनेटसाठी हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टर टी.१६०००एम अशा स्टिकमध्ये सेन्सर, बोर्ड आणि बटणे सगळे जुळवून मिळते. दुसऱ्या स्टिकचे मुख्य अक्ष हॉल सेन्सरवर चालतात आणि तिची मूठ डावखुऱ्यांसाठीही बदलून लावता येते, ही घरात अनेकजण खेळणार असतील तर मोठीच सोय आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की यांचा प्लॅस्टिकचा पाया टेबलावर हलक्या हाताने खेळण्यासाठी असतो, आणि उभ्याने अंगाचा भार टाकून खेळणाऱ्यासमोर तो टिकेलच असे नाही. दुसरी, यांत मूठ पिळण्याचा एक जादा अक्ष असतो. मेममध्ये (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नियंत्रण नेमून देताना हात किंचित वळला, तर भलताच अक्ष नोंदला जातो. तिसरी, पायावरची सरकती थ्रॉटल-पट्टी (विमानाचा वेग कमी-जास्त करणारी) मध्यावर नसेल तर नेमणुकीच्या वेळी तीही मध्येच नाक खुपसते, म्हणून आधी ती बरोबर मध्यावर आणून ठेवावी.

७. जुन्या यंत्रातून काढलेली स्टिक विकत घेताना काय तपासावे?

मुठीच्या तारा आधी पाहाव्यात. ट्रिगरच्या तारा पोकळ दांड्यातून खाली येतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात, त्यामुळे त्या इन्सुलेशनच्या आत तुटलेल्या असू शकतात. ट्रिगर दाबून धरून दांडा चारही बाजूंना फिरवावा आणि मल्टिमीटरचा आवाज खंडित होतो का ते ऐकावे. त्यानंतर दांडा मध्यापासून किंचित हलवून तो ढिला आहे का ते पाहावे. स्प्रिंग बदलता येते, पण फिरण्याच्या जागी भोके मोठी झाली असतील तर लेथवाल्याकडून बुश करून घ्यावे लागते. रंग उडाला असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

८. स्टिक संगणकाला जोडण्यासाठी कोणता बोर्ड लागतो?

यूएसबी स्टिकला वेगळा बोर्ड लागत नाही. सुटी डिजिटल स्टिक असेल तर बटणांसाठीचा कोणताही यूएसबी एन्कोडर, म्हणजे दाबलेले बटण संगणकाला कळवणारा बोर्ड, चालतो. अ‍ॅनालॉग असेल तर अल्टिमार्कच्या ए-पॅकसारखा तयार बोर्ड घ्यावा किंवा स्वतः प्रोग्रॅम करायचा अर्डुइनो लिओनार्डो अथवा प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड वापरावा. या दोन्हींतील एटीमेगा ३२यू४ ही चिप थेट यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकते आणि अक्ष १० बिटांत, म्हणजे ० ते १०२३ अशा पायऱ्यांत मोजते. सर्वांकडे असलेला अर्डुइनो उनो (आर३) मात्र इथे थेट उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या मुख्य चिपला यूएसबीची सोय नाही.

रास्पबेरी पाय पिको या अशाच छोट्या बोर्डावर अ‍ॅनालॉगसाठी तीन पिन मिळतात, ज्या दोन अक्ष आणि एक थ्रॉटल यांना नेमक्या पुरतात. मात्र त्या ३.३ व्होल्टवर चालतात, म्हणून पॉटला ५ व्होल्ट देऊ नये. ज्या मोठ्या रास्पबेरी पाय संगणकावर खेळ चालतात, त्याला अ‍ॅनालॉग पिनच नाहीत. तिथे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारी एमसीपी ३००८सारखी वेगळी चिप लावावी किंवा सरळ वरीलपैकी एखादा बोर्ड यूएसबीने जोडावा.

९. पॉटच्या तीन टोकांना काय जोडायचे? दांडा डावीकडे नेला की विमान उजवीकडे जाते.

बाहेरच्या दोन टोकांपैकी एकाला व्होल्टेज आणि दुसऱ्याला ग्राउंड जोडावे, मधल्या टोकाची तार बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनला न्यावी. दिशा उलटी असेल तर बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. हेच काम मेममध्ये ‘रिव्हर्स’ निवडूनही होते, पण तारांत केलेली दुरुस्ती सगळ्या खेळांना एकदमच लागू पडते. पुढे-मागेच्या अक्षाबाबत मात्र घाई करू नये, कारण विमानाच्या खेळांत दांडा मागे ओढला की नाक वर जाणे हेच बरोबर असते.

१०. दांडा अगदी टोकापर्यंत ढकलला तरी विमान अर्धवटच वळते. सेन्सर खराब आहे का?

बहुधा नाही. पॉट सुमारे ३०० अंश फिरते, पण दांडा मध्यापासून दोन्ही बाजूंना २० अंश, म्हणजे एकूण ४० अंशच कलत असेल आणि पॉट त्याला थेट जोडलेले असेल, तर १०२४पैकी सुमारे १३५ पायऱ्याच वापरल्या जातात. उरलेली पट्टी कधीच वापरात येत नाही. म्हणूनच अटारीच्या योकमध्ये पॉटला दात्यांच्या चाकांमार्फत गती दिलेली आहे, म्हणजे थोड्या हालचालीत पॉट जास्त फिरते.

घरी सोपा उपाय म्हणजे बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही टोकांची आणि मध्याची प्रत्यक्ष वाचने नोंदवून तेवढाच पट्टा पूर्ण मापावर ताणणे. खेळण्यासाठी १३५ पायऱ्या पुरेशा ठरतात, पण ताणल्यामुळे थरथरही त्याच पटीत वाढते, हे ध्यानात ठेवून प्रश्न १५ पाहावा. दांडा मध्यावर असताना पॉटही मध्यावर आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. ते एका बाजूला सरकलेले असेल तर आकडे ताणून काहीही साधत नाही.

११. पॅनेलवर स्टिक पक्की कशी बसवावी?

इथे चूक केली तर स्टिक कितीही भारी असो, पैसे वाया जातात. लांब मूठ ही तरफ असते. मूठ पॅनेलपासून २० सेंटिमीटर उंच असेल, कोणी ५ किलोचा जोर लावला असेल आणि बोल्टांच्या दोन ओळींत ८ सेंटिमीटर अंतर असेल, तर ओढ पडणाऱ्या बाजूच्या बोल्टांवर सुमारे १२.५ किलोचा भार येतो, आणि तो खेळभर सेकंदागणिक बाजू बदलत राहतो. माझ्या पहिल्या कॅबिनेटमध्ये मी एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीत) लाकडाचे साधे स्क्रू मारले होते. दिवाळीच्या सुट्टीत भाचरे आली आणि तिसऱ्या दिवशी स्टिक मुळासकट हातात आली.

त्यामुळे स्क्रू नकोतच. आरपार जाणारे बोल्ट घ्यावेत, वर गोल डोक्याचे आणि खाली रुंद वॉशर व लॉक-नट लावलेले. पॅनेल १८ मिलिमीटरच्या प्लायचे असेल तर खालून ३ मिलिमीटर जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट लावून भार पसरवावा. फॅब्रिकेटरकडे उरलेल्या तुकड्यांतून अशी प्लेट सहज कापून मिळते. दांडा ज्या भोकातून वर येतो ते भोक इतके मोठे असावे की पूर्ण कललेला दांडा लाकडाला टेकणार नाही. दांड्याला थांबवणे हे स्टिकच्या स्वतःच्या मर्यादेचे काम आहे, लाकडाचे नव्हे.

१२. आजूबाजूला किती जागा सोडावी?

फिरण्याचा बिंदू पॅनेलच्या खाली असतो हे विसरले जाते. त्या बिंदूपासून मुठीचे टोक २५ सेंटिमीटरवर असेल आणि दांडा २० अंश कलत असेल, तर टोक मध्यापासून साडेआठ सेंटिमीटर सरकते. त्यात बोटांची रुंदी मिळवली की कोणतेही बटण मध्यापासून १५ सेंटिमीटरच्या आत नसावे असा हिशोब निघतो. पॅनेलच्या खालची खोली आणि उघडणाऱ्या झाकणाची वाट हीही मोजावी. सुतार काम संपवून गेल्यावर हे लक्षात येणे फार महाग पडते.

१३. कोकणात राहतो. पावसाळ्यात काही वेगळी काळजी घ्यावी का?

होय. उघड्या कडांचे एमडीएफ दमट हवेत फुगते आणि बोल्टांची पकड ढिली होते. पॅनेलसाठी तरी आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय वापरावे, कापलेल्या कडा आणि भोकांच्या आतील बाजू पॉलिश किंवा सीलरने बंद कराव्यात आणि पावसाळा संपल्यावर एकदा बोल्ट आवळावेत. स्प्रिंगला ग्रीस लावावे, पॉटला लावू नये.

१४. मेममध्ये कोणत्या सेटिंगकडे लक्ष द्यावे? याच स्टिकवर डिजिटल खेळही खेळता येतील का?

सर्वप्रथम डेडझोन पाहावा, म्हणजे मध्याभोवतीचा तो भाग, जिथली हालचाल जमेस धरली जात नाही. मेमच्या जुन्या आवृत्त्यांत त्याचे मूळ मूल्य ०.३ असे. म्हणजे दांड्याच्या हालचालीचा तीस टक्के भाग वायाच जात असे आणि लोक स्टिकला दोष देत. चांगल्या हॉल सेन्सरसाठी ते ०.०५पर्यंत खाली आणून पाहावे. दुसरे मूल्य सॅच्युरेशनचे. ते ०.८५ असेल तर पंच्याऐंशी टक्के कलावरच पूर्ण कल धरला जातो. खेळ चालू असताना टॅब दाबून उघडणाऱ्या यादीत प्रत्येक अ‍ॅनालॉग नियंत्रणाची संवेदनशीलता बदलता येते आणि ती त्या खेळापुरती जपली जाते. तिथेच दिसणारे गतीचे आकडे कीबोर्डने किंवा डिजिटल स्टिकने अ‍ॅनालॉग खेळ खेळणाऱ्यांसाठी आहेत, त्यांच्याशी खेळत बसू नये.

डिजिटल खेळांसाठी मेम अ‍ॅनालॉग कलाचे दिशांत रूपांतर आपोआप करते आणि त्याचा नकाशाही बदलता येतो. तरीही पॅक-मॅनसारख्या चार-दिशी खेळात लांब दांडा कोपऱ्यावर वेळेत पोहोचत नाही. तिथे साधी जॉयस्टिकच हवी.

१५. मध्यावर सोडले तरी निशाण थरथरते किंवा एका बाजूला सरकते. काय करावे?

थरथर आणि सरकणे हे दोन वेगळे आजार आहेत. थरथर असेल तर पॉटच्या मधल्या टोकापासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, तारा आखूड ठेवाव्यात आणि त्या मॉनिटरच्या वीजतारांपासून दूर न्याव्यात. तरीही थांबले नाही तर पॉट झिजले आहे असे समजून बदलावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने काही आठवडे निघतात, अधिक नाही.

सरकणे असेल तर मध्याचे वाचन पुन्हा नोंदवावे. हॉल सेन्सरच्या बाबतीत एक विचित्र कारण असू शकते, ते म्हणजे पॅनेलखाली बसवलेला स्पीकर. त्याचे चुंबक सेन्सरच्या शून्य-बिंदूला ढकलते. एसएस ४९ई जातीचा सेन्सर ५ व्होल्टवर, चुंबक नसताना, सुमारे २.५ व्होल्ट देतो. तेव्हा दांडा मध्यावर ठेवून स्पीकर लावलेला असताना आणि काढलेला असताना व्होल्टेज मोजले की दोषी कोण ते कळते.

१६. माळ्यावर १५ पिनांची जुनी संगणक-स्टिक सापडली. पॉटला तीन टोके असूनही तारा दोनच आहेत. ती कशी जोडू?

जुन्या गेमपोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या १५ पिनांच्या जोडणीवर, पॉट केवळ बदलता रोध म्हणून काम करत असे. ५ व्होल्टपासून त्या रोधातून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो हे संगणक मोजत असे. म्हणूनच तिसऱ्या टोकाची गरज नव्हती आणि पॉटही सामान्यतः १०० किलोओहमचे असे. आजच्या बोर्डाला व्होल्टेज हवे असते, त्यामुळे स्टिक उघडून मोकळ्या टोकाला ग्राउंडची तार जोडावी आणि मग प्रश्न ९प्रमाणे जोडणी करावी. बाहेरून एखादा स्थिर रोध जोडूनही काम भागते, पण मग वाचन सरळ प्रमाणात राहत नाही आणि एका बाजूला विमान जास्त चपळ होते.

दुसरा मुद्दा असा की एटीमेगा चिपला १० किलोओहमपर्यंतचा स्रोत मानवतो. १०० किलोओहमच्या पॉटवर वाचने डळमळतात. ‘बी १० के’ पॉट त्याच मापाचे मिळाले तर बदलून टाकावे, नाहीतर प्रश्न १५मधील कपॅसिटर तरी लावावाच.

१७. दोन खेळाडूंसाठी एकसारख्या दोन स्टिक लावल्या. कॅबिनेट पुन्हा सुरू केले की डावी-उजवी अदलाबदल होते.

एकाच बनावटीच्या दोन स्टिक संगणकाला नावाने वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि कोण आधी सापडली त्यावर क्रम ठरतो. मेमच्या नियंत्रण-फाइलमध्ये ‘मॅपडिव्हाइस’ ही नोंद करून विशिष्ट उपकरणाला विशिष्ट क्रमांक बांधून देता येतो. अर्डुइनो वापरला असेल तर याहून सोपा उपाय आहे. दोन्ही बोर्डांना यूएसबीवर दिसणारी नावे वेगवेगळी द्यावीत.

१८. थ्रॉटल वेगळा लावावा का?

पहिल्या आफ्टर बर्नरमध्ये थ्रॉटल नव्हता. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तो डाव्या हाताला आला. केवळ त्या एका खेळासाठी नवा दांडा बसवण्यापेक्षा दोन बटणांना वेग वाढवणे आणि कमी करणे नेमून द्यावे. जी मंडळी तरीही दांडा लावतील त्यांनी तो डावीकडे, मुठीपासून खांद्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बसवावा.

१९. धातूची मूठ आणि धातूचे पॅनेल वापरले तर शॉक बसण्याची भीती आहे का?

यूएसबीच्या ५ व्होल्टांनी काही होत नाही. भीती आहे ती त्याच खोक्यात असलेल्या २३० व्होल्टच्या एक्स्टेंशन बोर्डाची, मॉनिटरची आणि पॉवर सप्लायची. एखादी सुटलेली तार पॅनेलला टेकली, तर खेळणाऱ्याचा घट्ट मुठीतला हात थेट तिच्याशी जोडला जातो. म्हणून धातूचे पॅनेल, त्याखालची प्लेट आणि मूठ यांना हिरव्या तारेने तीन पिनांच्या प्लगच्या अर्थिंगशी जोडावे. घरातील सॉकेटचे अर्थिंग खरोखर चालू आहे की केवळ भोकापुरतेच आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय कॅबिनेट लावू नये. पॅनेल उघडून आत हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.